खळ्यातलं शूटिंग

पुणे, ६ जानेवारी २०२५

ती. साळूआजी,

सा. न.

तुमच्या कोंडावर, त्या डोंगरातल्या वाडीवर, एका ओटीशिवाय कुठंच रेंज नाही म्हणून पत्रच लिहितेय. शिवाय तुम्हीच म्हणाला होतात, 'फोनवर काय बोलायचं, समोरच्याचं तोंड दिसत नाय, खोटं पकडता येत नाय.' पत्रात तरी तोंड कुठं दिसतं म्हणा!

आम्ही सुखरूप पोचलो. महाडला घरी एक दिवस राहून मी पुण्याला आले. बाबांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. तुमच्या शाळेवर मास्तर होते त्या दिवसांची आठवण ते अजून काढतात, आणि तुम्ही खिचडी शिजवताना मुलांसमोर त्यांची नक्कल करायचात त्याचीही.

आता काम. व्हिडिओ जवळजवळ तयार आहे. गाणं मी लिहिलेलं, पण ढोल-टिमकीच्या खालूबाजावर तुम्ही बायकांनी जो फेर धरलात त्यानं ते उभं राहिलं. कॉलेजात व्हिडिओबरोबर एक टिपणही द्यायचं असतं : चित्रीकरणात काय अडचणी आल्या आणि आपण त्या कशा सोडवल्या. मी चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. तुम्ही तर सगळं समोरून पाहिलंत. जे आठवेल ते लिहून पाठवा ना. आमच्या चुकासुद्धा चालतील.

तुमचा नाचतानाचा एक तुकडा मी परतताना टेम्पोतूनच स्टेटसला टाकला होता. सगळे विचारतात, ह्या हसऱ्या आजी कोण?

कॅमेरावाल्या सुम्बुलचा सलाम. तिच्या अब्बांचा टेम्पो अजून भाताच्या तुसानं भरलेला आहे म्हणे.

तुमची,
तेजश्री


उंबरकोंड, १५ जानेवारी

तेजे गो,

आशीर्वाद घे आधी, मग पुढचं वाच. माझी शाळा चौथीपर्यंतची. काना-मात्रा चुकला तर तुज्या बापाला नाव ठेव, त्याच्याच शाळेत मी खिचडी ढवळली.

अडचणी विचारतेस? पयली अडचण तू. चपला घालून खळ्यात आलीस. भात झोडायची जागा ती, तिथं आमी पाया पडून पाय ठेवतो. आमच्या कोंडाजीभावजींचा चेहरा बघितलास? गावकीचा माणूस, त्यात पावणी पोर, बोलता येईना. मग मीच ओरडले, 'चपला काढ गो, नायतर पुढच्या सालाला पुण्यावरनं तांदूळ पाठव.'

दुसरी अडचण सुम्बुल. चांगली शिकलेली पोर शेणाने सारवलेल्या खळ्यात पोटावर पडली. का, तर आमचे पाय पायजेत. गंगूची गाय येऊन तिचे केस चाटायला लागली तरी हलली नाय. बोलली, 'आजी, शॉट चांगला येतोय.' मी बोलले, 'तुजं लगीन झाल्यावर सासूला सांगेन, पोर लय सोशीक हाय.'

तिसरी अडचण आमी. तू सांगायचीस, कॅमेऱ्याकडं बघू नका. मग बघायचं कुणाकडं? आमचे पुरुष अर्धे मुंबैला, अर्धे वर. माझा तर वरच. आणि तू माझ्या केसात अबोलीचा गजरा घातलास तवा सगळ्या बायका गप झाल्या, आठवतंय? तुला कळलंच नाय काय झालं ते. विधवेला फूल घालत नाय आमच्यात. मी बोलले, 'घाल गो, वरच्याला कळूदे काय सोडून गेला तो.' मग हसल्या. मीपण हसले. नाचले तर अशी की गुडघे दुखले नायत.

हे सगळं तुज्या सराला लिही. आता खालचं त्याच्यासाठी नाय.

त्याच दिवशी माझा भाऊ गेला. राघो. माझ्या पाठचा. बिरवाडीला कंपनीत होता, तिथंच भाड्याच्या खोलीत ऱ्हायचा. दमा होता, दिवाळीपासनं जास्तच. तुमचा टेम्पो वळणाआड गेला नि कोंडाजीभावजी माझ्याकडं आले. बोलले, 'वहिनी, बिरवाडीवरनं फोन आला. राघो गेला.' त्यानीच रिक्षा करून दिली. मी पोचले तवा सगळे नदीवरनं परतले होते. तोंड बघायला नाय मिळालं. पाणी घालायला नाय मिळालं.

आणि भावजय ठकू दारात उभी. आत घेईना. बोलली, 'वन्सं, सकाळी फोन केला तर निघाल्या म्हणून सांगितलं. निघाल्या निघाल्या म्हणून आमी दुपार घालवली. मालकाची खोली, मढं किती ठेवणार? आणि तुमी तिकडं नाचत होता.' तुजं ते स्टेटस शेजारच्या, तुज्यासंगं महाडला शिकलेल्या पोरीने तिला दाखवलं. केसात फूल, तोंडात हसू, आणि त्याच दिवसाची तारीख.

मला कुणी फोन केला नाय गो. केला असता तर आमच्यातला कुणीतरी ओरडला असता. तुला माहीत हाय, रेंज फक्त कोंडाजीभावजींच्या ओटीवर, सगळ्या कोंडाचे फोन तिथं खांबाला पिशवीत टांगलेले. वाजला की ज्याचा त्याला हाक मारतात. ठकूचं दुःखाने डोकं फिरलंय असं मी धरून चालले. पण बाराव्यालापण मला बोलावलं नाय.

माहेर म्हणजे माझं काय होतं? एक भाऊ आणि त्याची खोली. भाऊ गेला. आता खोलीचं दारपण गेलं.

तू शिकलेली हायस. तू बघ, त्या दिवशी माझा फोन वाजलेला कुणी ऐकला काय. तू ठकूला दोन ओळी लिहिल्यास की साळूला कायच ठाऊक नव्हतं, तर तुजं ऐकेल ती.

साळूआजी


पुणे, २४ जानेवारी

ती. साळूआजी,

काय लिहू कळत नाही. तो तुकडा स्टेटसवरून दुसऱ्याच दिवशी आपोआप गेला होता. पण ज्यांनी पाहायचा त्यांनी पाहिला.

आम्हाला खरंच काही माहीत नव्हतं, आजी. टेम्पो भरताना तुम्ही सुम्बुलच्या अब्बांना चिडवत होतात, 'पुढच्या वेळी घोडा आणा, मी वरात काढते.' ते हसणं घेऊनच आम्ही निघालो.

ठकूमामींना मी जरूर लिहीन. त्यासाठी त्या दिवसाचं सगळं आठवायला बसले. टिपण पुरं झालंय, सरांनाही दिलंय. त्यातला शूटिंगच्या दिवसाचा भाग जसाच्या तसा उतरवून देते. वाजलेल्या फोनबद्दल काही सापडलं तर ह्यातच सापडेल.

'वाद्यांचा आवाज जागेवरच घ्यायचा होता. पण ओटीवर टांगलेले फोन सारखे वाजत आणि कोणीतरी मोठ्यानं हाका मारी. पहिले काही टेक त्यामुळं फुकट गेले. म्हणून सगळे फोन एका पत्र्याच्या डब्यात घालून त्यावर गोधडी टाकली आणि डबा श्री. कोंडाजी यांच्या ताब्यात दिला. ते टिमकी वाजवत होते, पण दोन टेकच्या मधल्या वेळात ओटीवर जाऊन बघून येत. हा उपाय यशस्वी ठरला.

'दुसरी अडचण याच गृहस्थांची झाली. सकाळी ते सर्वांत उत्साही होते. नंतर एकदा ओटीवर जाऊन आले आणि विचारू लागले, 'झालं का?' मी म्हटलं, 'शेवटचा एक.' ते म्हणाले, 'शेवटचा ना? मग घे.' त्यानंतर प्रत्येक टेकनंतर तोच प्रश्न. दुपारी त्यांनी टिमकी खाली ठेवली, डोक्याचं मुंडासं सोडलं आणि खांबाला टेकून उभे राहिले. मी विनंती केली, वाद घातला. सकाळच्या दृश्यांत ते मुंडासं बांधून वाजवतात, दुपारच्या दृश्यांत कोपऱ्यात बोडके उभे आहेत. जोडणी करताना याचा फार त्रास झाला. ते एवढंच म्हणाले, 'तुजं तू कर बाय, पण लवकर कर.' ग्रामीण भागातील लोकांना चित्रीकरणाची सवय नसल्यामुळे त्यांचा धीर लवकर सुटतो, हे ध्यानात घेऊन वेळापत्रक आखावे.'

एवढंच आहे. फोन वाजल्याचं मला आठवत नाही, कारण गोधडीखालचं आम्हाला काही ऐकूच येत नव्हतं. मी ठकूमामींना असंच लिहू का?

तेजश्री


उंबरकोंड, २ फेब्रुवारी

तेजे,

ठकूला अजून काय लिहू नको.

तुजं टिपण वाचलं. चुलीपुढं वाचलं, मग बाहेर उजेडात जाऊन परत वाचलं.

तुला वाटलं कोंडाजीभावजींचा धीर सुटला. आमच्यात माणूस वाद्य खाली ठेवतो आणि डोकं बोडकं करतो तो कंटाळला म्हणून नाय. मयताची खबर ऐकली की करतो.

तू आमच्यातली नायस म्हणून सांगते. लगीन उभं ऱ्हायलंय आणि भावकीत कुणी गेल्याची खबर आली, तर ती पयली घरातल्या एका मोठ्या माणसाला कळते. तो ती गिळून बसतो. नवरीच्या आईला सांगत नाय, बापाला सांगत नाय. अक्षता पडूदेत, मग सांगतो. कारण ऐकलं की सुतक. ऐकलं नाय तोवर सुतक नाय. असं आमच्या बापजाद्यांनी ठरवलंय, आणि त्यात कुणाचं वाईट करायचं मनात नसतं. एकाने ओझं घ्यायचं म्हणजे बाकीच्यांचं कार्य पार पडतं.

तुजं शूटिंग त्यानी कार्यात धरलं गो. लांबून पोरी आल्यात, एकच दिवस हाय, कोंडाची अब्रू हाय.

मी गेले त्यांच्या ओटीवर. त्यानला बोलले, 'भावजी, राघो गेल्याचा फोन कदी आला?'

ते सुपारी कातरत होते. कातरतच ऱ्हायले.

'माझ्याकडं बघा. मी काय कॅमेरा नाय.'

मग अडकित्ता ठेवला. बोलले, 'वहिनी, तुमच्या भाच्याचा फोन. जेवणाच्या आधी. मी पोरीला विचारलं, झालं का, ती बोलली शेवटचा एक. मला वाटलं एक म्हणजे एक. नाच किती वेळचा, मला माहीत हाय. भाच्याला सांगितलं, निघाली. परत फोन आला, परत पोर बोलली शेवटचा. मी परत सांगितलं, निघाली, वाटेवर हाय. आता निघाली बोललोय म्हटल्यावर नाय निघाली असं कसं बोलू? तो फोन करत ऱ्हायला, ती शेवटचा म्हणत ऱ्हायली. मी दोघांच्या मधी.'

'आणि मला कानात सांगायला काय झालं?'

'तुमी हसत होता,' ते बोलले. 'दादा गेल्यापासनं मी तुमाला तसं बघितलं नव्हतं.'

माणूस रडायला लागला. पांढऱ्या मिशांचा माणूस, बाजूला सुपारीची खांडं. मला त्याला चार शिव्या घालायच्या होत्या, घरातनंच तयार करून गेले होते. एकपण बाहेर आली नाय.

आता तू मला एक सांग. तुमच्या धंद्यात शेवटचा म्हणजे काय असतो? तुला खरंच वाटत होतं तो शेवटचा, का तू आमाला फसवत होतीस? मी रागाने नाय विचारत. मला कळायला पायजे.

साळू


पुणे, १० फेब्रुवारी

ती. साळूआजी,

तुम्ही विचारलंत म्हणून खरं लिहिते. आमच्याकडं 'शेवटचा एक' असं सगळेच म्हणतात. लोक उठून जाऊ नयेत म्हणून म्हणतात. म्हणणाऱ्याला ठाऊक असतं की तो शेवटचा नाही, आणि कामावरच्या सगळ्यांना ठाऊक असतं की म्हणणाऱ्याला ते ठाऊक आहे. कोणी तो शब्द धरून बसत नाही. कोंडाजीकाका धरून बसतील असं माझ्या मनातही आलं नाही.

आणि आजी, मला जो हवा होता तो टेक सकाळीच मिळाला होता. दुपारचे सगळे मी उगाच घेतले. अजून चांगलं येईल म्हणून. व्हिडिओत त्यातलं फारच थोडं आहे.

सुम्बुललाही सांगितलं. तिनं सगळं पुन्हा लावून पाहिलं. कोंडाजीकाका कोपऱ्यातून कॅमेऱ्याकडं बघत नाहीत म्हणाली, सगळा वेळ तुमच्याकडं बघतायत.

मी सरांना सांगून व्हिडिओ मागं घेते. वर्ष गेलं तर जाऊ दे. आणि मी बिरवाडीला येते. ठकूमामींच्या पायावर डोकं ठेवून सांगते की चूक माझी. तुम्ही फक्त कधी येऊ ते कळवा.

तेजश्री


उंबरकोंड, २१ फेब्रुवारी

तेजे गो,

येऊ नको. आमी जाऊन आलो. मी आणि कोंडाजीभावजी. त्यांचेच पाय शिवशिवत होते, सकाळी पांढरी बंडी घालून माझ्या दारात उभे. मी बोलले, 'भावजी, मुलगी बघायला चाललाव काय?' हसले नाय.  पोलादपूरवरनं एसटी धरली, महाडला उतरून रिक्षा केली. सगळ्या वाटेत एक शब्द नाय. मी एवढा वेळ गप कदी ऱ्हायले नसेन.

ठकू दारात तांदूळ निवडत होती. बघितलं, पण उठली नाय. भावजी उंबऱ्याबाहेर खाली बसले आणि सगळं सांगितलं. सुरुवातीपासनं. कायच झाकलं नाय. तुजं नावपण नाय घेतलं, बोलले, 'मी निघाली बोललो, मी. वहिनीला कायपण ठाऊक नव्हतं.' भाचा आतनं ऐकत होता. बाहेर आला आणि त्यानं माझ्या पायाला हात लावला. मला वाटलं, उघडलं दार.

ठकूने सूप खाली ठेवलं. ती मला बोलली, 'वन्सं, यांनी सांगितलं नाय ते कळलं. ते मी मनातनं काढते. पण मला एक सांगा. दिवाळीपासनं त्यांचा जीव वर-खाली होत होता. आदल्या आठवड्यात मी तुमाला बोलले होते, आता भरवसा नाय. मग सकाळपासनं सांजपर्यंत तुमी त्या खळ्यात होता. फोन डब्यात होता, कुणी हाक मारली नाय, सगळं खरं. पण तुमाला एकदा तरी आठवण आली का त्यांची? उठून ओटीवर जावं, राघो कसा हाय विचारावं, असं एकदा तरी वाटलं?'

मला खोटं बोलायला काय लागतं गो? जन्मभर चेष्टेत खोटंच बोलत आले. दोन शब्द होते. 'आली होती.' ती मान हलवणार होती. तिलापण तेच ऐकायचं होतं, मला तिच्या डोळ्यात दिसत होतं. भाचा बघत होता, भावजी बघत होते.

'नाय आली,' मी बोलले.

कुठनं तोंडातनं गेलं माहीत नाय. पण खोटं बोलून त्या खोलीत शिरले असते तर राघोच्या फोटोपुढं उभी कशी ऱ्हायले असते?

ठकूने सूप बाजूला सारलं. मग उठली, आत जाऊन चहा ठेवला. मला आतनं हाक मारली नाय. कप बाहेर आणून दिले, भावजींना आणि मला. चहात साखर नव्हती. संपली होती की घातली नव्हती ते मी विचारलं नाय. एरवी असतं तर मी विचारलं असतं, 'ठकू, साखर कंपनीने बंद केली काय?' आमी दोघी पयल्यापासनं अशाच बोलायचो, राघो मधी पडायचा.

निघताना मी बोलले, 'येते.' ती बोलली, 'हं.' वर्षश्राद्धाला या, असं नाय बोलली. येऊ नका, असंपण नाय बोलली.

तर माझं माहेर आता तेवढं हाय. एका 'हं' एवढं. अजून दहा महिने मी त्या 'हं'चा अर्थ लावत बसणार.

तुज्या व्हिडिओचं. मागं घेऊ नको. तुजं वर्ष घालवून राघो उठून बसणार नाय, आणि कोंडातल्या बायका मला जगू देणार नायत. त्या रोज विचारतात, आमी कदी दिसणार म्हणून. भावजींचे बोडके उभे ऱ्हायलेले तुकडे हायत तेपण कापू नको. जोडणी बिघडली तर बिघडूदे, लोकांना वाटूदे पोरींना काम येत नाय.

आणि मी नाचतेय तेपण ठेव. मी नंतर लय विचार केला, ते पुसून टाक म्हणून सांगावं काय. पण त्या दिवशी मी सुखात होते गो. गजरा होता, ढोल होता, तुज्यासारख्या पोरी आजी आजी करत होत्या. भाऊ मरत होता आणि मी सुखात होते. दोन्ही खरं हाय. एक पुसलं तर दुसरं काय हलकं होत नाय.

तू पेनड्राईव्ह पाठवणार होतीस तो कोंडाजीभावजींच्या नावाने पाठव. शाळेत टीव्ही हाय, तिथं लावतील सगळे. त्या दिवशी मी लाकडं आणायला जाईन.

साळूआजी